अल्पशा आजाराने

मराठी वृत्तपत्रांतील निधनवार्तांचे एक ठरलेले व्याकरण आहे. 'वृद्धापकाळाने' असे लिहिले की वाचणारा निःश्वास टाकून पान उलटतो. 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' या शब्दांत थोडा धक्का असतो, पण संकोच नसतो. 'प्रदीर्घ आजाराने' म्हणजे बहुधा कर्करोग, हे आपण न सांगता ओळखतो. आणि मरणारा तिशीतला असून 'अल्पशा आजाराने' असे छापून आले, तर पुढे काही विचारायचे नाही, एवढा त्याचा अर्थ लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतो. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्दाचा वाच्यार्थ एक आणि व्यंग्यार्थ दुसरा, हे वर्गात समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण आम्हांला आजवर सापडलेले नाही.

या व्याकरणाचा पाठपुरावा करीत आम्ही जिथे जाऊन पोचलो तो देश मात्र दूरचा आहे: दक्षिण आफ्रिका. निमित्त झाले झेक्स मडा या लेखकाच्या 'वेज ऑफ डाइंग' या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे. तौलनिक साहित्याच्या निमित्ताने ती वाचली. तिचा नायक टोलोकी हा स्वतःच निर्माण केलेल्या व्यवसायातला धंदेवाईक शोककर्ता आहे; अंत्यविधींना जाऊन तो विलाप करतो. पण आम्हांला त्याच्याहून जास्त खिळवून ठेवले ते दुसऱ्या एका पात्राने, किंबहुना एका पदाने. कादंबरीतल्या अंत्यविधीत 'नर्स' म्हणून ओळखली जाणारी एक व्यक्ती उभी राहते. इथे या शब्दाचा परिचारिकेशी संबंध नाही. मृताला शेवटचे जिवंत पाहणारा जो असेल त्याने जमलेल्या लोकांना हा माणूस कसा गेला ते सांगायचे, असे ते काम आहे. कादंबरीच्या आरंभीच एका लहान मुलाच्या दफनप्रसंगी नर्स असे काही बोलते की सभा अस्वस्थ होते, कारण त्या मृत्यूचा दोष शत्रूकडे नव्हे, आपल्याच माणसांकडे जातो.

वर्णद्वेषी राजवट संपत आली होती तो हा काळ. त्या कादंबरीतली मरणे बव्हंशी गोळीची, सुऱ्याची, जाळपोळीची आहेत. पुढच्या दहा वर्षांत त्या देशातले मरण आपले रूप इतके बदलील, असे १९९४ च्या निवडणुकीच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणाला वाटले असेल?

आकडे पाहू. दक्षिण आफ्रिकेत १९९७ साली नोंदले गेलेले मृत्यू सुमारे ३ लाख १७ हजार होते. २००६ साली ते ६ लाखांच्या वर गेले. नोंदणी सुधारली, लोकसंख्या वाढली, हे खरेच. पण एवढ्याने हिशेब जुळत नाही. कोणत्या वयाची माणसे मेली हे पाहिले की खरा प्रकार उघड होतो. एरवी कुठल्याही देशात बालपणानंतर मृत्यूचा आलेख खाली येतो आणि म्हातारपणाकडे हळूहळू चढत जातो. इथे तो विशी-तिशीतच उंटाच्या मदारीसारखा फुगला, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर पुरुषांच्याही आधी. म्हाताऱ्यांनी तरुणांना पुरावे असा तो काळ होता. आणि मृत्यूच्या दाखल्यांवर कारण काय लिहिलेले असे? क्षयरोग. न्यूमोनिया. जुलाब. ज्या रोगाने शरीराचे दार उघडे टाकले होते त्या एड्सचे नाव फारच थोड्या दाखल्यांवर होते. तिथल्या वृत्तपत्रांतही 'थोड्याशा आजारानंतर' आणि 'दीर्घ आजारानंतर' हेच शब्दप्रयोग होते. दोन भाषा, दोन समाज. पण झाकायचे वस्त्र एकाच मापाचे.

या मौनाला भ्याडपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. १९९८ च्या डिसेंबरात गुगु ड्लामिनी या तरुणीने आपल्याला एचआयव्हीची लागण असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याच महिन्यात डर्बनजवळच्या क्वा-माशू वस्तीत जमावाने तिला मारहाण केली आणि तीत ती मरण पावली. आजाराचे नाव घेण्याची किंमत जिथे ही असेल, तिथे 'अल्पशा आजाराने' हे शब्द खोटे नसतात. ते घरावरचे छप्पर असते.

शिवाय आजाराचे नाव उघड झाले की सरकार दारात येते, हा अनुभव त्या देशाला जुनाच होता, आणि आपल्यालाही. १८९६ साली मुंबईत आणि नंतर पुण्यात प्लेग पसरला तेव्हा घरोघर झडत्या झाल्या. रोगी लपवले गेले, प्रेते लपवली गेली. रँडच्या वधाची कथा शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. जगभर फिरणारी प्लेगची तीच साथ १९०१ साली केपटाउनला पोचली, आणि सार्वजनिक आरोग्याच्या नावाखाली तिथल्या कृष्णवर्णीयांना शहराबाहेरच्या वस्तीत हलवण्यात आले. तीच वस्ती पुढे एन्डाबेनी म्हणून ओळखली गेली. १९०४ साली जोहान्सबर्गच्या भारतीय वस्तीत प्लेग शिरला तेव्हा रोग्यांच्या शुश्रूषेसाठी गांधीजी धावले. आणि अखेर ती वस्तीही रिकामी करून जाळण्यात आली. रोगाचे नाव सांगितल्याने घर जाते, ही शिकवण पिढ्यांच्या हाडांत मुरलेली असते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. नाव-गाव सांगत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला. ट्रकवर क्लीनर म्हणून निघालेला, बहिःस्थ विद्यार्थी म्हणून बी. ए. झालेला, कविता करणारा मुलगा. त्याचा थोरला भाऊ आमच्याकडे आला. वृत्तपत्रात द्यायचा मजकूर आम्ही लिहून द्यावा, अशी त्याची इच्छा होती. "सर, अल्पशा आजाराने असंच लिहा. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून," एवढेच तो म्हणाला. आम्ही तसेच लिहिले. आजही त्या घरासाठी लिहायची वेळ आली तर तसेच लिहू. ते वाक्य त्या मुलासाठी नव्हते. मागे उरलेल्या बहिणीसाठी होते.

पण अडचण इथूनच सुरू होते. एका घराचे मौन त्या घरापुरते योग्यच असते. लाख घरांच्या मौनांची बेरीज मात्र कधीकधी प्राणघातक ठरते. दक्षिण आफ्रिकेत ती तशी ठरली. २००१ साली तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासकांनी मृत्यूंच्या वयांवरून हिशेब मांडला आणि दाखवून दिले की २००० साली १५ ते ४९ या वयात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ४० टक्के एड्सचे असावेत. दाखले जे सांगत नव्हते ते त्यांनी वयांकडून वदवून घेतले. अहवाल प्रसिद्ध होण्याआधीच वादात सापडला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी आपल्या आरोग्यमंत्र्यांना पत्र लिहिले, आणि त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९५ सालच्या जुन्या आकड्यांच्या आधारे एड्सवर एवढा खर्च करावा का, असा प्रश्न उपस्थित केला. कागदावर एड्सचे मृत्यू थोडे होते. मग औषधांची घाई कशाला? घराला वाचवणारे छप्पर अशा रीतीने सरकारच्या डोळ्यांवरची पट्टी झाले. २००० ते २००५ या काळात औषधे वेळेवर न दिल्यामुळे तीन लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज हार्वर्डच्या अभ्यासकांनी २००८ साली मांडला.

मौन मोडण्याचे काम काही मोठ्या माणसांनी केले. मँगोसुथु बुथेलेझी यांची दोन अपत्ये २००४ साली गेली, आणि ती एड्सने गेली हे त्यांनी उघड सांगितले. ६ जानेवारी २००५ रोजी नेल्सन मंडेला यांचे पुत्र मकगाथो वारले. त्याच दिवशी मंडेलांनी पत्रकारांना घरी बोलावून मुलाच्या मृत्यूचे कारण एड्स असल्याचे जाहीर केले, आणि हा आजार क्षय किंवा कर्करोगासारखा सामान्य मानला जावा, असे आवाहन केले. मडाच्या कादंबरीतली नर्स जणू राष्ट्राच्या अंगणात उभी राहिली. बापानेच ते काम केले.

परंतु प्रत्येक बाप मंडेला नसतो, आणि तशी अपेक्षा करणेही क्रूरपणाचे आहे. म्हणून आम्हांला अधिक मोलाचे वाटतात ते दोन साधे, कोणाच्या फारसे लक्षात न येणारे उपाय. पहिला कागदाचा. १९९८ साली तिथे मृत्यूच्या नोंदणीचा नवा फॉर्म आला. त्याचे दुसरे पान गोपनीय ठेवण्यात आले: डॉक्टरने खरे कारण तिथे लिहावे, आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती पडू नये. सगळ्या डॉक्टरांनी ते पान प्रामाणिकपणे भरले असे नव्हे. तरीही कल्पना फार शहाणपणाची होती. घरासाठी एक पान, देशासाठी दुसरे.

दुसरा उपाय तर थेट आमच्या विषयाच्या अंगणातला आहे. मोझांबिकच्या सरहद्दीलगत बुशबकरिज भागात अ‍ॅगिनकोर्ट नावाचे क्षेत्र आहे. विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे संशोधक १९९२ पासून तिथल्या गावांत घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद ठेवतात. घरी झालेल्या मृत्यूचे कारण कसे कळायचे? शवविच्छेदन नाही, कागद नाही. तेव्हा प्रशिक्षित कार्यकर्ता घरच्यांच्याच भाषेत विचारतो: शेवटच्या दिवसांत काय झाले? ताप किती दिवस होता, खोकला होता का, वजन उतरले का, एका अंगाची शक्ती गेली का? सांगणारी बहुधा शुश्रूषा करणारी आई, आजी किंवा बहीण असते. मग दोन डॉक्टर ते कथन वेगवेगळे वाचतात आणि आपापला निष्कर्ष काढतात. जुळला नाही तर तिसऱ्याकडे जातात. या पद्धतीला 'व्हर्बल ऑटॉप्सी' म्हणतात. शब्दांनी केलेली उत्तरीय तपासणी! एक निवेदक, एक संहिता, दोन वाचक आणि अर्थाबद्दल मतभेद. आम्ही साहित्याच्या वर्गात दुसरे काय करतो? घरोघरच्या अशा नोंदींतूनच कळले की त्या गावांत साधारण एका दशकात स्त्रियांचे आयुर्मान १२ वर्षांनी आणि पुरुषांचे १४ वर्षांनी घटले होते.

पुढचा इतिहास आशेचा आहे. २००४ पासून सरकारी दवाखान्यांतून औषधे मिळू लागली. सरासरी आयुर्मान २००५ च्या सुमारास ५५ च्याही खाली होते. २०१८ पर्यंत ते ६४ च्या आसपास आले. मदार ओसरली. तरुण जगले, आणि जगले म्हणून प्रौढ झाले, आणि प्रौढ झाले म्हणून प्रौढांचे आजार त्यांच्या वाट्याला आले. २०१६ च्या नोंदींत क्षय अजूनही पहिला होता, पण दुसऱ्या क्रमांकावर मधुमेह होता आणि त्याच्या मागोमाग हृदयविकार व पक्षाघात. डर्बनकडच्या भारतीय वंशाच्या लोकांना मधुमेह फार पूर्वीपासून परिचित आहे. आता तो सगळ्यांच्याच घरी पोचला.

या नव्या मरणांभोवती लाज नाही. 'शुगर होती', 'बीपी होतं' असे आपल्यासारखेच तिथेही निःसंकोच सांगता येते. तरी आम्हांला इथे दुसऱ्याच प्रकारचे मौन जाणवते. गोळीच्या मरणाला खलनायक होता. एड्सच्या मरणाला गुपित होते, लढा होता, मोर्चे होते. साखरेच्या मरणाला कथानकच नाही. वीस वर्षे नकळत चाललेली पडझड, एके दिवशी न भरणारी पायाची जखम, आणि मग शेवट. नर्सने उभे राहून सांगावे असे काय आहे त्यात? ज्याची गोष्ट होत नाही त्यासाठी मोर्चा निघत नाही, आणि ज्यासाठी मोर्चा निघत नाही त्याला औषध उशिरा मिळते. लपवलेले कारण आणि दुर्लक्षित कारण, दोन्ही बेरजेतून सारखीच गळतात.

कोविडच्या काळात हे पुन्हा दिसले. अधिकृत मृत्यू सुमारे एक लाख. परंतु त्याच वैद्यकीय संशोधन परिषदेने आठवड्यागणिक मोजलेले नेहमीपेक्षा जास्तीचे मृत्यू तीन लाखांच्या वर. आणि २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडता घेतला तेव्हा एड्सवरच्या कामाबरोबर मोजणीचे कामही कात्रीत सापडले. गरीब देशांतल्या घराघरांत जाऊन जन्ममृत्यूंची माहिती गोळा करणारे, कित्येक दशके चाललेले एक मोठे सर्वेक्षण त्या मदतीवरच उभे होते, तेही थांबले. औषध बंद झाल्याचे निदान कळते तरी. मोजणी बंद झाली की काय बंद झाले हेही कळेनासे होते.

आणखी एक बदल आम्हांला साहित्याचे शिक्षक म्हणून नोंदवावासा वाटतो. शब्दांच्या त्या उत्तरीय तपासणीत आता डॉक्टरांची जागा बहुतांशी संगणकाने घेतली आहे. त्याला 'होय' किंवा 'नाही' अशी उत्तरे पुरतात. प्रश्नावलीच्या अखेरीस घरच्यांनी आपल्या शब्दांत हकिकत सांगण्याची जागा असते, पण निदान करणारा संगणक बहुधा ती वाचत नाही. काम जलद होते, स्वस्त होते, आणि गरीब देशाला ते हवेच. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त एवढेच म्हणायचे आहे की ती जागा प्रश्नावलीतून काढून टाकू नये. लेकीला महिनोन्‌महिने भरवणारी एखादी आजी तिथे जे बोलते, ते गावात कोणाला सांगता येत नाही आणि वृत्तपत्रात छापता येत नाही. बेरजेत ते धरले जाईल किंवा न जाईल. ते ऐकून, लिहून, जपून ठेवणारे कोणीतरी असले पाहिजे.