बंदूक घराची, परवाना माणसाचा

कायद्याच्या विद्यार्थ्यांना 'मूट' आवडतं. तथ्यं आधीच ठरलेली, वरच्या कोर्टाचे निवाडे हाताशी आणि दोन्हीकडून फर्डा युक्तिवाद. अभिरूप खटला मात्र त्यांना नको असतो, कारण त्यात साक्षीदार येतात, आणि साक्षीदार उलटतपासात काय बोलेल हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसतं. मी पुरावा कायदा शिकवतो, म्हणून माझा हट्ट खटल्याचाच. 2020 च्या ऑगस्टमध्ये कॉलेज बंद आणि मुलं गावोगाव पांगलेली, तरी तो सोडला नाही; खटला ऑनलाइन घेतला. पडद्यावरून साक्ष घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच 'महाराष्ट्र सरकार विरुद्ध प्रफुल्ल देसाई' या निवाड्यात सांगून ठेवलं होतं.

प्रकरण बेतलं कोकणातलं. बागेत माकडं, रानडुकरं. म्हणून बापाच्या नावावर ठासणीची बंदूक. 1959 च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीची खास तरतूद आहे. मार्चअखेर बाप वारला. जूनमध्ये कुणीतरी कागाळी केली, पोलीस आले, बंदूक माळ्यावर सापडली. आरोपी मुलगा. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने एका वर्षाची दोन वर्षं झाली होती, त्यामुळे मामला गमतीचा नव्हता.

खरा पेच कलम 21 मध्ये. ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे 'अनावश्यक विलंब न करता' जमा करायचं. किती दिवसांत, ते कलम सांगत नाही. आणि टाळेबंदीतले अडीच महिने कोणत्या हिशेबात धरायचे? बापाचे दिवस उरकायलाही चार माणसं जमत नव्हती, तिथे बंदूक खांद्यावर टाकून हा नाक्यावरून जाणार कसा? सरकार पक्षाच्या मुलाने यावर चोख उत्तर दिलं: बंदूक नेता आली नाही, पण फोन तर करता आला असता.

बचाव म्हणाला, कळवलं होतं. पोलीस पाटलाला व्हॉट्सअ‍ॅपवर परवान्याचा फोटो पाठवला होता. मग इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र कुठंय? जालन्याच्या निवडणूक वादातला खोतकर-गोरंट्याल निवाडा महिन्यापूर्वीच आलेला, मुलांना तोंडपाठ. मूळ फोनच साक्षीत हजर केला तर प्रमाणपत्र लागत नाही, हेही त्यातच आहे. पण फोन आरोपीच्या हातात आणि कोर्ट लॅपटॉपमध्ये. हजर करायचा म्हणजे काय करायचं? त्याने तो कॅमेऱ्यासमोर धरला. यावर आम्ही चाळीस मिनिटं भांडलो. माझ्या मते तोच त्या दिवसाचा सर्वांत चांगला तास.

मुद्देमालाचं हसं झालं. बंदूक म्हणून पोलीस झालेल्या मुलाने मिटलेली छत्री आणली होती. तिच्यावर लेबल होतं, लेबलावर एकाच पंचाची सही. उलटतपासात दुसऱ्या पंचाचे डोळे सारखे उजवीकडे खाली जाऊ लागले. बचावाच्या मुलीने शांतपणे विनंती केली, साक्षीदाराने कॅमेरा खोलीभर फिरवावा. टेबलावर दुसरा फोन, त्यावर सरकारी वकिलाची उत्तरं! खऱ्या कोर्टात साक्षीदाराला पढवतात ते व्हरांड्यात; इथे व्हरांडा टेबलावरच आला होता.

आरोपी झालेला मुलगा देवगडजवळच्या आपल्या घरातून बोलत होता. 'बंदूक तुझ्या ताब्यात होती का?' असं विचारल्यावर तो अडखळला, आणि मागून त्याच्या आजीचा आवाज आला, 'बंदूक घराची आसता रे, माणसाची नाय.' सरकार पक्षाने हरकत घेतली. न्यायाधीश मुलीने ती मान्य केली. पण आजीने नेमकी जागा दाखवली होती. परवाना माणसाबरोबर संपतो, बंदूक माळ्यावर तशीच राहते. 2016 च्या शस्त्र नियमांनी वारसाला परवाना मागता येतो, पण मागायचा असतो. तो शेताच्या सातबाऱ्यासारखा वारसनोंदीने चालत येत नाही.

निकाल लागला तो या कशावरच नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम 3 च्या, म्हणजे विनापरवाना शस्त्राच्या, गुन्ह्यात खटला भरण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, कलम 39. बचावाच्या मुलीने विचारलं, मंजुरीचा आदेश कोणत्या निशाणीवर आहे? कागदांत तो नव्हताच. मी घालायला विसरलो होतो. मुलांना वाटलं सरांनी मुद्दाम सापळा लावला. मी तसंच वाटू दिलं.

आरोपी सुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. न्यायाधीश मुलीने मुद्देमालाबद्दल आदेशच दिला नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकेक चौकट बंद होत असताना देवगडच्या खिडकीतून आजीने विचारलं, 'मगे बंदूक कोणाक मिळाली?'