बंदुकीच्या दस्त्यावर ठिपके

आज भाताची नोंद थोडी आणि लाकडाची जास्त आहे.

रत्नागिरी ८ दुधात आलंय. करपा नाही, तुडतुडे खालच्या कुणग्यात थोडे आहेत, पाणी काढून टाकलंय. पण व्हाळाकडच्या कुणग्यात डुकरं शिरली आणि एका रात्रीत चार गुंठे लोळवून गेली. लोंबी दुधात आली की डुकराला वास कसा लागतो देव जाणे. दाणा कडक झाला की तेवढी येत नाहीत. म्हणजे आपली राखण मोजून पंधरा-वीस रात्रींची असते, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस.

आमच्याकडे ठासणीची बंदूक आहे. आजोबांची, मग बाबांच्या नावावर, आता माझ्या. परवाना शेती संरक्षणाचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, म्हणून कोकणात घरोघर अशा बंदुका दिसतात. मी ती आवाजासाठीच वापरतो. दारू आणि वर काथ्याचा बोळा, छर्रे नाहीत. डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि तेवढ्यात डुक्कर जेवून घरी जातो.

आता मूळ विषय. २०२४ साली दोन निवडणुका झाल्या, लोकसभा आणि विधानसभा. दोन्ही वेळी बंदूक ठाण्यात जमा. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा दस्त्यावर पांढरी बुरशी आणि ओलीचे डाग. कोणाला दोष देत नाही, पावसाळ्यात आमच्या घरातसुद्धा चपलेला बुरशी येते. पण मला वाईट वाटलं. जानेवारीत वेळ होता. पॉलिशपेपर आणला, दस्ता घासून घासून गुळगुळीत केला आणि चकचकीत वॉर्निशचे तीन हात मारले. तोंड दिसेल असा दस्ता. याच पेजवर फोटो टाकला होता, बऱ्याच जणांनी अंगठे दिले.

दस्त्याच्या मानेवर, म्हणजे चापाच्या मागे जिथे मूठ बसते तिथे, आजोबांच्या वेळच्या आडव्या-तिरक्या रेघांची जाळी होती. झिजून झिजून नावाला उरलेली. मी ती नक्षी समजत होतो. तीही घासून काढली.

सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री मी आणि पुतण्या निघालो. तो पुढे बॅटरी घेऊन, मी मागे. पाऊस बारीक होता. घरातून निघतानाच मी केप चढवली होती आणि घोडा केपवर टेकवलेला होता. ही माझी चूक, ती दस्त्याच्या माथी मारणार नाही. मेरेवर माझा पाय सरकला. बंदूक मी मानेलाच धरली होती, पण ओला हात आणि वॉर्निश, हातातून साबणाच्या वडीसारखी सटकली. दस्त्याची टाच मेरेच्या दगडावर आपटली आणि बार झाला.

बोळा पुतण्याच्या रेनकोटाच्या टोपीला घासून गेला. टोपीला रुपयाएवढं भोक. मी चिखलात बसूनच ओरडत होतो, "कसो आसस? कसो आसस?" तो म्हणाला, "काका, माका काय झाला नाय." त्याच्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. डॉक्टरांना दाखवलं, कान ठीक आहे.

भाऊ मुंबईला असतो. मुलगा इथे शिकतो, माझ्या भरवशावर. वहिनी काही बोलली नाही. ती आठ दिवस काहीच बोलली नाही. आमची मंडळी मात्र बोलली, "पॉलिश कित्याक मारलात? भिंतीर टांगूक?"

दुसऱ्या दिवशी मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मानेला गुंडाळली. पकड चांगली आली. पण पाच दिवसांनी सोडून बघितली तर खाली लाकूड घामेजल्यासारखं ओलं, आणि चापाच्या पट्टीला तांबेरा. रबराखाली पाणी अडकतं आणि सुकायला वाट नसते. सुतळीचं तेच होणार, ती तर पाणी पितेच. जिन्याच्या पायरीला लावतात ती खरखरीत चिकटपट्टी कोणीतरी सुचवली. ओल्या हवेत तिच्या कडा सुटतात, हे मी पॉवर टिलरच्या दांड्यावर बघितलंय.

मग मेस्त्रींकडे गेलो. आमचे मेस्त्री बोलतात कमी. दस्ता हातात घेतला, नखाने खरवडून बघितला, वास घेतला आणि म्हणाले साग. मी म्हटलं आजोबांसारखी जाळी पाडून द्या. त्यांनी सागाचा एक तुकडा घेतला, करवत पाजळायची तिकोनी कानस घेतली आणि माझ्यासमोर दोन्ही दिशांनी रेघा ओढल्या. रेघा एकमेकींना छेदतात तिथे मधे बारीक शंकरपाळे तयार होतात, त्यांची टोकं बोटाला धरतात. पण सागाचा दाणा उघडा. आडव्या रेघेला चार शंकरपाळ्यांची टोकं कपचीसारखी उडाली. अक्रोडाचं लाकूड घट्ट दाण्याचं, म्हणून विकतच्या बंदुकांना ते वापरतात आणि त्यावर इंचाला अठरा-वीस रेघासुद्धा टिकतात. सागावर पाडायच्या तर जाड, लांब-लांब पाडाव्या लागतात, आणि हात सराईत हवा. एक रेघ वाकडी गेली की पुढच्या सगळ्या तिच्या मागे वाकड्या. मेस्त्री म्हणाले, तुझ्या हाताने ठिपके मार.

ठिपके म्हणजे टोकदार खिळ्याने लाकडावर जवळजवळ खळगे पाडायचे, बस. मी केलं ते सविस्तर लिहितो, कारण विचारणारे बरेच आहेत.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. ठासणीच्या बंदुकीत डोळ्याला काही दिसत नाही. केप काढली. गज नळीत तळापर्यंत सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि बाहेर नळीला लावून बघितला. गज आत जिथवर जातो ते नळीच्या मुळापर्यंत जुळलं पाहिजे. चार बोटं कमी भरला तर आत बार आहे, काम बंद. मग नळी सोडवून कपाटात कुलपात ठेवली. घोडा, चाप, नंबर कोरलेला भाग यांना मी हात लावला नाही, ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं. घोड्याच्या बाजूला प्लास्टिक गुंडाळलं, भुसा आत जाऊ नये म्हणून.

मानेवरचं वॉर्निश काचेच्या तुकड्याने खरवडून काढलं. वॉर्निशवरच ठिपके मारले तर ते पापुद्र्यासारखं सुटतं. नंतर दोन्ही बाजूंना आणि पुढच्या हाताखाली, जिथे डावा तळवा बसतो तिथे, पेन्सिलने पानासारखा आकार काढला. गाल टेकतो तिथे काही करायचं नाही, सोलून निघेल. घोडा बसवलेल्या खाचेपासून दोन बोटं लांब राहिलो. तिथे लाकूड आतून कोरलेलं असतं, पातळ असतं, ठोकलं तर तडकेल. आकाराची कड धारदार सुरीने अर्धा मिलिमीटर कापून घेतली. ती कड हवीच, नाहीतर ठिपके बाहेर पळतात आणि कुत्र्याने चावल्यासारखं दिसतं.

खिळा काँक्रीटचा, कारण साधा खिळा शंभर ठोक्यांत बोथट होतो. टोक कानशीने थोडं गोलसर केलं. अगदी अणकुचीदार असेल तर लाकूड चिरतं, गोलसर असेल तर दाबतं. दस्त्याखाली भाताच्या तुसाची पिशवी ठेवली. मान हा दस्त्याचा सगळ्यात कमजोर भाग, खाली आधार नसेल तर ठोक्याने मोडेल. छोटी हातोडी, मनगटाने मारायची. आधी कडेने एक ओळ, मग आत. आत ओळीत मारायचे नाहीत, विखरून मारायचे. ओळीत मारले की दाण्याच्या दिशेने चीर जाते. हे मी सागाच्या तुकड्यावर आधी करून बघितलं म्हणून कळलं. तुकड्याच्या दोन बाजू फुकट घालवल्या, दस्त्याची एकही नाही.

पहिल्या संध्याकाळी अर्धं पान झालं आणि मान आखडली. एकंदर पाच संध्याकाळी लागल्या. पुतण्या तिसऱ्या दिवशी येऊन बसला. मी काही म्हटलं नाही. त्याने खिळा घेतला आणि डाव्या बाजूचा शेवट त्याने भरला. त्याचे ठिपके माझ्यापेक्षा बारीक आणि जवळ आहेत, हात लावला की कळतं कुठून त्याचं काम सुरू होतं.

शेवटी जुन्या टूथब्रशने भुसा काढला. टोकं फार बोचत होती म्हणून वापरलेला पॉलिशपेपर एकदाच हलका फिरवला. वॉर्निश नाही. पेंटच्या दुकानात उकळलेलं जवसाचं तेल मिळतं, ते ब्रशने पातळ लावलं, पंधरा मिनिटांनी पुसलं, दोन दिवस सुकवलं, परत एक हात. एक सूचना: तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेते. उघडी पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. गवताच्या उडवीजवळ तर नकोच.

मग परसात जाऊन दोन्ही हातांना साबण लावला, वर पाणी ओतलं, आणि नळी नसलेला दस्ता मानेला धरून झटके देऊन बघितले. सुटला नाही. उरलेल्या वॉर्निशच्या जागी धरला तर लगेच सरकतो. दिसायला आता तो अर्धा चकचकीत, अर्धा काळपट असा दिसतो. फोटो टाकत नाही.

केप आता प्लास्टिकच्या डबीत खिशात असते. मांगरात पोचल्यावर, नळीचं तोंड व्हाळाकडे करून, मगच चढते. ठिपक्यांनी पकड येते, चढवलेली केप उतरत नाही.

घरातल्या बायकांनी कोयत्या आणून ठेवल्यात रांगेत, कापणीच्या आधी मुठींवर ठिपके पाहिजेत म्हणून. घामाने मूठ फिरते आणि कोयती करंगळीवर येते, हे दरवर्षीचं. वहिनीची कोयती पण त्या रांगेत होती. ती मी आधी केली.

रात्री मात्र मी एकटाच जातो. तिने त्याला परत पाठवलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही.

पुढच्या निवडणुकीला बंदूक परत जमा होईल, तेव्हा पावतीवर दस्त्याचं वर्णन लिहून घेणार आहे. फणसाच्या किंवा शिवणीच्या मुठीवर कोणी ठिपके मारले असतील तर कसे टिकले ते कळवा. आमच्या दोन कोयत्यांच्या मुठी फणसाच्या आहेत आणि त्या अजून बाकी आहेत.