आठ पायांची अमानत

बारावीच्या निकालानंतर माझ्या धाकट्याने नवा मोबाइल मागितला असता, तर मला नवल वाटले नसते. त्याने मागितला टॅरंट्युला, म्हणजे तळहाताहून मोठा, केसाळ कोळी. माझ्या सासूबाईंनी तसबीह खाली ठेवली आणि विचारले, “दुल्हन, हे घरात ठेवणार?”

आपल्या घरांत कोळ्याचे नाव तसे आदराने घेतात. सौर गुहेच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पवित्र कुरआनातील एकोणतिसाव्या सूरहचे नावच ‘अल्-अन्कबूत’ आहे. पण गोष्टीतला कोळी वेगळा आणि बैठकीतला वेगळा! मी मुलाला दोन अटी घातल्या: जे होईल ते कायद्याने होईल आणि कोळी येण्याआधी त्याचे घर तयार असेल.

त्याच्या ओळखीचा एक मुलगा नोकरीसाठी परगावी चालला होता. त्याच्याकडे मेक्सिकोची, लाल गुडघ्यांची एक मादी होती. या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1985 पासून ‘साइटिस’ कराराचे नियंत्रण आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि 2024 च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. हस्तांतर झाले, पिल्ले झाली, प्राणी मेला, तरी कळवावे लागते. त्या मुलाकडे कागद होते, म्हणूनच मी होकार दिला. जंगलातून कोळी धरून आणण्याचा विचारही कोणी करू नये. आपल्या देशातील झाडांवर राहणारे ‘पोइसिलोथेरिया’ गटातील देखणे कोळी 2019 पासून त्याच कराराखाली आहेत.

घर तयार करायला मी स्वतः पुढे झाले. माळ्यावर माशांची जुनी काचेची टाकी होती. दीड फूट उंच. मी ती घासूनपुसून लख्ख केली, तळाशी रंगीत खडे घातले, प्लास्टिकची फुले लावली, वर दिवा बसवला आणि जाळीचे झाकण ठेवले. कागद घेऊन तो मुलगा आला. टाकी पाहून हसला आणि म्हणाला, “खाला, हे तर तुम्ही स्वतःला पाहायला सजवलंय. तिला यातलं काहीच नको.”

मग त्याने एकेक गोष्ट समजावली. ही कोळीण जमिनीवरची, बिळात राहणारी. काचेवर चढते, पण वजनदार असल्याने पडते. उंचावरून खड्यांवर पडली तर पोट फुटून मरते. जाळीत तिच्या पायांची नखे अडकतात. दिव्याची तिला गरज नाही, उजेड तर नकोच. जे जे मी प्रेमाने केले होते, ते ते तिच्या जिवावर उठणारे होते.

टाकी पुन्हा माळ्यावर गेली. इतवारीतील काचवाल्याकडून नवी पेटी करून घेतली. कोळीण पाय पसरून बसली की साधारण सहा इंच भरते. म्हणून लांबी त्याच्या तिप्पट, अठरा इंच. रुंदी बारा आणि उंची बारा. त्यात पाच इंच कोकोपीट दाबून भरले, म्हणजे वर सातच इंच उरले. पडली तरी मऊ भुशावर आणि जवळच. हवा खेळती राहावी म्हणून दोन समोरासमोरच्या बाजूंना बारीक भोके आणि वर कडी असलेले झाकण, कारण हा जीव झाकण ढकलू शकतो. उन्हाळ्यात फुटलेल्या माठाचा अर्धा तुकडा उपडा घातला, ती तिची गुहा. एका कोपऱ्यात उथळ वाटीत पाणी. बस्स, एवढेच.

नागपूरचा उन्हाळा हा खरा प्रश्न होता. परदेशी पुस्तके पेटी गरम ठेवायला सांगतात. इथे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश! तिला पंचवीस-अठ्ठावीस अंश पुरतात. मधल्या खोलीत, खिडकीपासून दूर, पेटी ठेवली आणि शेजारी तापमापक टांगला. कूलरचा ओला झोत थेट पेटीवर येऊ द्यायचा नाही, नाहीतर आत बुरशी धरते. डासांची अगरबत्ती, झुरळांचा फवारा त्या खोलीत बंद. फॉगिंगची गाडी गल्लीत आली की आधी तिथल्या खिडक्या लावायच्या. खाणे आठवड्यातून एकदा, पाळलेले रातकिडे. मोरीतले झुरळ देत नाही, त्याने विष खाल्लेले असू शकते. हातात घ्यायचे नाही, कारण घाबरली तर पोटावरचे बारीक केस उडवते. ते डोळ्यांत गेले तर फार त्रास होतो.

तीन महिन्यांनी मुलगा शिकायला पुण्याला गेला. कोळीण राहिली माझ्याकडे. त्या रात्री मला ती हदीस आठवली, सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला सोडलेही नाही. त्यासाठी तिला शिक्षा झाली. हदीस लहानपणी ऐकली होती, पण कडी लावलेली पेटी समोर असताना ती वेगळीच ऐकू येते.

हिवाळ्यात तिने तीन आठवडे काहीच खाल्ले नाही. एके दिवशी फज्रनंतर पाहिले, तर ती पाठीवर उलटी, पाय वर. सासूबाईंनी “इन्ना लिल्लाहि” म्हटले. मी झाकण उघडून तिला बाहेर काढणार, तेवढ्यात मुलाला फोन लावावासा वाटला. तो ओरडलाच, “अम्मी, हात लावू नका! ती कात टाकतेय!” कोळीण मेली की पाय आत मुडपून पालथी पडते, उलटी झाली तर बहुधा कात. तेव्हा हात लावला असता तर ती खरोखरच गेली असती. आम्ही दोघी दुपारपर्यंत आळीपाळीने पाहत बसलो. जुन्या कातडीतून तिने एकेक पाय सोडवला, आठही. सासूबाई पुटपुटल्या, “सुब्हानल्लाह.” पुढचे दहा-बारा दिवस रातकिडा दिला नाही, नवे अंग मऊ असते, किडाच तिला चावू शकतो.

या जातीची मादी वीस वर्षांहूनही जास्त जगते. मी पन्नाशी ओलांडली आहे. परवा मुलाला फोनवर सांगितले, “माझ्यानंतर हिला कोण पाहणार, ते आत्ताच ठरव.” तो म्हणाला, “मीच, अम्मी.” ते मी त्याच्याकडून लिहून घेतले आणि कागद नोंदणीच्या फाइलमध्येच ठेवला.

मुलांनी एखादा जीव मागितला तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. आधी त्याचे घर त्यांच्या हाताने बांधून घ्या, त्या जिवाच्या मापाने. मग विचारा, इतकी वर्षे सांभाळशील ना?