आत्याच्या ओव्या आणि शून्याची रेघ

आमच्या घरातल्या एका सीडीवर आत्याच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. एकूण बेचाळीस मिनिटे. ती लावली की आमच्यापैकी एक जण हटकून उठून खिडकी लावतो, कारण समुद्राची गाज बाहेरून येते आहे असेच वाटते. आम्ही राहतो तेथून समुद्र दीडशे किलोमीटरांवर आहे. गाज त्या सीडीतच आहे, आणि ती तेथे इतकी मोठी असायला नको होती.

२००७ चा मे महिना. आम्ही दोघेही एम.ए. होऊन नुकते अध्यापनात पडलो होतो. लोकसाहित्याच्या तासाला साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'मधल्या छापील ओव्या वाचून दाखवण्यापलीकडे आमची मजल जात नव्हती, याची टोचणी होती. (गुरुजी पालगडचे, म्हणजे आमच्या आंजर्ल्याच्याच दापोली तालुक्यातले.) हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या आणि त्यांतल्या काही हजारांचे ध्वनिमुद्रणही झाले, हे ठाऊक होते. मग घरातच आत्या असताना आपण गप्प का बसावे, असे वाटून एक ध्वनिमुद्रक उसना आणला आणि सुट्टीत आंजर्ल्याला गेलो.

जाते मागच्या पडवीत होते. आत्याने यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "काय रे, ह्या काडेपेटीत मावणार काय मी?" पहिल्याच ओवीला जाते असे गरजले, की यंत्रावरचा तांबडा दिवा लागला. आम्ही घाबरून पातळी बरीच खाली आणली. अजाणता केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट. अंकीय मुद्रणात क्षणाक्षणाच्या आवाजाला एक आकडा मिळतो, सीडीवर सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि त्यांतला सर्वांत मोठा ३२,७६७. या छताला शून्य डेसिबल म्हणतात. त्याखालचे सारे उणे. जुन्या फितीवर आवाज मर्यादेबाहेर गेला तर तो हळूहळू बिघडत असे. येथे शून्याच्या पुढे आकडाच नाही. लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि कानाला तडतड ऐकू येते. आमचे सर्वांत उंच शिखर उणे बाराच्या आसपास राहिले. मुद्रण ऐकायला बारीक, पण निर्मळ होते.

हे आम्हांला तेव्हा समजले असते तर! महाविद्यालयातल्या कार्यक्रमासाठी सीडी करायची ठरली तेव्हा शहरातल्या एका स्टुडिओत जाऊन आम्हीच बजावले, की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आले पाहिजे. सभागृहातल्या ध्वनिवर्धकाची कळ फिरवली असती तरी काम भागले असते, हे सुचले नाही. तेथल्या गृहस्थाने मागितले ते दिले. त्याने लिमिटर लावला. लिमिटर म्हणजे शिखरांवर पहारा ठेवणारा दरवान: आवाज ठरलेल्या रेषेवर जाऊ लागला की तो काही सहस्रांश सेकंदांत त्याला दाबतो आणि शिखर सरले की सोडतो. शिखरे अशी छाटली की उरलेले सगळे वर उचलता येते. शिखरे पूर्वीही छताखाली होती, आताही छताखालीच आहेत. शिखराच्या मोजमापावरून आवाज किती मोठा वाटेल हे कळत नाही. सरासरी मात्र वर चढते.

जगभर तेव्हा हेच चालले होते. २००८ च्या मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'चा गोंगाट श्रोत्यांनाच असह्य झाला. सरासरी मोठेपणा मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ साली ठरली, युरोपीय प्रसारकांनी २०१० मध्ये तिच्या आधारे आपले मान बांधून घेतले, आणि आता गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन सेवा मोठ्या गाण्याला आपणहून खाली आणतात. म्हणजे त्या साऱ्या छाटणीचा उपयोगही संपला. असो.

आमचे नुकसान निराळे. वैरण घालायला आत्या थांबत असे. जाते थांबले की लिमिटरचा हात सैल होतो आणि त्या मोकळ्या जागेत समुद्र उसळून पुढे येतो. आणि भावाच्या ओवीला आत्या आवाज खाली आणत असे, जणू ते नाव जात्यालाही ऐकू जाऊ नये. सीडीवर भाऊ आणि सासर एकाच पट्टीत आहेत. संगणकावर ती लाट पाहिली तर चिऱ्याच्या गडग्यासारखी दिसते, वरून सपाट.

मूळ मुद्रण नाही. यंत्र परत करताना कार्ड आम्हीच पुसले. आत्या २०११ मध्ये गेली; ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पडवीही गेली.

गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाने ती सीडी संगणकावर घेतली आणि भावाच्या ओव्या एकेक करून हाताने खाली आणल्या, समुद्र दाबला. ऐकायला ते आत्याच्या फार जवळचे वाटते. दुसरीचे म्हणणे असे, की पोथीत लेखकाने गाळलेली ओळ आपण अदमासाने भरली तर तिला प्रक्षेप म्हणतो, आणि तो प्रक्षेप जितका सुंदर तितका घातक, हे वर्गात शिकवायचे आणि घरी हे करायचे? पहिल्याचे उत्तर: तो आवाज आम्ही प्रत्यक्ष ऐकला आहे, पाठभेद ठरवणाऱ्या संपादकाला ही सोय कधी मिळते? दुसरी म्हणते, सतरा वर्षांपूर्वी ऐकलेले. वाद मिटलेला नाही. दोन्ही संचिका संगणकावर आहेत. वर्गात मात्र ती छाटलेलीच ऐकवतो आणि छाटलेली आहे असे सांगून ऐकवतो.

एकतिसाव्या मिनिटाला दळण संपते आणि आत्या हाक मारते, "आणखी तांदूळ आण गो." माजघरापलीकडच्या स्वयंपाकघरातून आलेले "आणते" आत्याच्या हाकेइतकेच मोठे ऐकू येते.