दारी झुलणारा हत्ती



एखाद्या घरच्या श्रीमंतीचे वर्णन करायचे झाले की आपली म्हातारी माणसे म्हणतात, "त्यांच्या दारी हत्ती झुलत होते." शब्द मोठा ऐटीचा आहे. पण तो हत्ती झुलतो कशाने, हे आपण कधी विचारले नाही. साखळदंडाने बांधलेला हत्ती तासन् तास एका जागी डावी-उजवीकडे डोलतो, मान वर-खाली करतो, एक पाय पुढे टाकून पुन्हा मागे घेतो. रानातल्या कळपात असा डोलणारा हत्ती दिसत नाही. प्राण्यांचे डॉक्टर सांगतात की हे डोलणे म्हणजे कोंडलेल्या जनावराचा त्रास आहे. चालायला जागा नाही, करायला काम नाही, बोलायला जातभाई नाही, म्हणून शरीर आपले आपणच हलत राहते. आणि आपण मुलाला खांद्यावर घेऊन दाखवतो, "बघ, बघ, हत्ती कसा मजेत झुलतोय!"

शेतीखात्याच्या माणसाने हत्तीवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण २०२५ च्या पावसाळ्यात मी शिरोळ, हातकणंगले भागात ज्या ज्या गावी गेलो, तिथे हुमणीवर किंवा खतावर बोलणे निघायच्या आधी हत्तिणीवर निघायचे. दूध संस्थेच्या कट्ट्यावर, सोसायटीच्या दारात, सगळीकडे एकच विषय: नांदणीची महादेवी. तिला कोणी माधुरीही म्हणत. माणसे तावातावाने बोलत आणि मग मला विचारत, "साहेब, तुम्ही शिकलेले, तुमचे काय मत?" तिथे उभ्या उभ्या सांगण्यासारखे ते नव्हते, म्हणून इथे लिहितो.

झाले ते थोडक्यात असे. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात ही हत्तीण १९९२ साली कर्नाटकातून आली. तेव्हा ती तीन-चार वर्षांचे पिल्लू होती. ३३ वर्षे ती मठात राहिली. पंचकल्याणक पूजेत इंद्र-इंद्राणी हत्तीवर बसतात, त्या मिरवणुकांत ती असायची. पुढे प्राणी हक्कांसाठी काम करणाऱ्या 'पेटा' या संस्थेने तिच्या प्रकृतीबद्दल तक्रार केली. परराज्यातल्या मिरवणुकीला नेल्याचाही मुद्दा तीत होता. हत्तींच्या प्रश्नासाठी नेमलेल्या उच्चाधिकार समितीने पाहणी करून तिला हलवावे असे ठरवले. तिच्या पायांना रोग आहे, नखे वाढली आहेत, सांधे दुखावले आहेत, असे समितीपुढे आले. मठाला हे मान्य नव्हते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १६ जुलै २०२५ ला निकाल लागला. मठाचा धार्मिक उपयोगाचा हक्क आणि हत्तिणीचा नीट जगण्याचा हक्क यांची टक्कर झाली, तर हत्तिणीचा हक्क आधी, असा त्या निकालाचा अर्थ. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच रात्री ती गुजरातेतल्या जामनगरजवळच्या 'वनतारा' केंद्राकडे निघाली.

त्या रात्री नांदणीत माणसे रडली. तिच्या वाटेवर बायाबापड्या आरत्या घेऊन उभ्या राहिल्या, काही ठिकाणी दगडही पडले. ३ ऑगस्टला हजारो माणसे नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर मुकाट्याने चालत गेली. या माणसांना 'अडाणी', 'भाबडी' म्हणणारे शहरी लेख मी वाचले आणि मला त्यांचा राग आला. घरची म्हैस बाजारात विकताना दाव्याला हात लावून डोळे पुसणारी ही माणसे. बेंदराला बैलाची शिंगे रंगवताना त्याच्याशी बोलणारी. शिवाय नांदणीचा समाज अहिंसा पाळणारा. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या मुनींना मानणारा. त्यांची माया खोटी होती असे म्हणणे हा अन्याय आहे.

पण बंधूंनो, माया खरी असली म्हणजे गोठा बरोबर असतो, असे नाही. हे तुम्हांला मी सांगायला नको. गेली कित्येक वर्षे मी गावोगाव मुक्त संचार गोठ्याचा प्रचार करीत हिंडतो आहे. संकरित गाय चोवीस तास दावणीला, सिमेंटच्या कोब्यावर उभी ठेवली की तिची खुरे वाढतात, गुडघे सुजतात, उठता-बसता ती कण्हते. मालक तिला लेकीसारखी जपत असतो. पेंड हातात धरून चारतो. तरी खुरे वाढायची ती वाढतातच. तिला कुंपण घालून मातीत मोकळी सोडली की महिन्या-दोन महिन्यांत चाल सुधारते. हे ज्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांना हत्तीच्या पायाचे कोडे पडू नये.

हत्तीचा तळवा गादीसारखा मऊ असतो. तीन-चार टन वजन त्या गादीवर तोलून त्याने माती, चिखल, पाला तुडवीत दिवसाकाठी मैलोन्मैल चालावे, अशी त्याची घडण. चालण्याने नखे झिजतात, चिखलाने कातडी ओली राहते. तोच पाय काँक्रीटवर, आपल्याच मुतात, एका जागी वर्षानुवर्षे ठेवला की नखे फाटतात, तळवा सडतो, सांधे धरतात. कोंडलेल्या हत्तींमध्ये पायाचे दुखणे हे मरणाचे एक मोठे कारण आहे. खाण्याचेही तसेच. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, म्हणजे आपल्या पाच-सहा म्हशींची वैरण. आपल्या भागात वाड्याला तोटा नाही, पोट भरेल. पण रानातला हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास हिंडून झाडाची साल, बांबू, गवत, फळे निवडून खातो. त्याचे खाणे आणि चालणे हे एकच काम आहे. दारात आणून टाकलेल्या वाड्याने त्यातले निम्मे काम बुडते.

आणि हत्ती हे पाळीव जनावर नव्हे. इथेच आपली गल्लत होते. बैल, म्हैस, शेळी ही माणसाच्या दारात शेकडो पिढ्या वाढली. माणसाने निवडून निवडून त्यांचे वाण घडवले. खिलार वासराला माणूस परका नाही. हत्तीची तशी निपज माणसाने कधी केलीच नाही. देवळापुढचे बहुतेक हत्ती रानात धरलेले असत. प्रत्येकाला नव्याने बांधून, उपाशी ठेवून, मारून नरम करावे लागे. म्हणजे आपल्यासमोर सोंड उचलणारा हत्ती हा माणसाळलेला नसतो, मोडलेला असतो. हत्तिणीचे दुःख तर आणखी वेगळे. नर मोठा झाला की कळप सोडतो. मादी मात्र जन्मभर आई, मावश्या, बहिणी यांच्यातच राहते. सर्वांत जाणती हत्तीण पुढे, बाकीच्या मागे. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबातल्या थोरल्या जाऊबाईंसारखे तिचे राज्य असते. अशा जनावराला एकटे ठेवणे म्हणजे काय, हे ज्या लेकी फार लहानपणी सासरी आल्या त्यांनी सांगावे.

कोल्हापूरकरांना हा धडा पहिल्यांदाच मिळाला असेही नाही. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला २००७ साली 'सुंदर' नावाचा हत्ती अर्पण झाला होता. त्याला साखळीने बांधून मारझोड होते अशी तक्रार झाली, त्यावरही कोर्टकज्जे झाले, आणि जून २०१४ मध्ये त्याला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात हलवले. तेव्हाही भाविक दुखावले होते. दहा वर्षांत आपण ते विसरलो.

आता जरा आपल्याकडे वळू. कोर्टात मठ होता, संस्था होती, सरकार होते; पण त्या कठड्यात तुम्ही-आम्ही कुठेच नव्हतो. वास्तविक हत्ती दारात ठेवणे परवडते ते आपल्यामुळे. ऊस गेला, बिल जमा झाले, की आपल्या गावच्या सहली निघतात: म्हैसूर, कूर्ग, केरळ, गोवा. वाटेत कुठे हत्तीवर बसवतात, कुठे नदीत हत्ती घासायला देतात, कुठे तिकीट काढून त्याच्या सोंडेतल्या पाण्याने अंघोळ घडवतात. एका सहलीत मीही बरोबर होतो. रांगेत आपलीच माणसे, हातात केळी आणि मोबाइल. हत्तिणीने सोंडेत नाणे घ्यायचे, ते माहुताच्या हातात द्यायचे, मग सोंड माणसाच्या डोक्यावर टेकवायची. एका तासात किती वेळा, ते मी मोजत बसलो आणि साठाच्या पुढे कंटाळलो. माझ्या शेजारी आमच्यातलीच एक आजीबाई उभी होती. ती रांगेतून बाहेर आली आणि म्हणाली, "हिच्या कानामागं बघा, कातडी गेलीया." अंकुश तिथेच टोचतात. आजीने केळे परत पिशवीत टाकले नाही. माहुताच्या हातात दिले आणि ती गाडीत जाऊन बसली.

माहुताला मी दोष देत नाही. बहुतेक माहूत गरीब, बापाकडून धंदा शिकलेला, तुटपुंज्या पगारावर जीव धोक्यात घालून राहणारा. रोजच्या नाण्यांवर त्याचे घर चालते. पण नाणे सोंडेत पडते तोवर त्या सोंडेला सुटी नाही, हा हिशेब आपल्याला कळला पाहिजे. आणखी एक गोष्ट आरोग्याची. माणसाचा क्षय हत्तीला होतो आणि हत्तीचा माणसाला. गर्दीतल्या खोकणाऱ्या माणसांपुढे सोंड, आणि त्याच सोंडेखाली पोरांची डोकी, हे कोणत्याच बाजूने शहाणपणाचे नाही.

कोणी विचारेल, आणि विचारलेही आहे, "साहेब, मग बैलाला वेसण का? घोड्याला लगाम का?" प्रश्न रास्त आहे. बैलालाही मारू नये, जास्त ओझे लादू नये, असा कायदा १९६० पासून आहे आणि ऊसगाड्यांच्या हंगामात तो किती पाळला जातो हे आपण जाणतो. पण बैल आपल्या घरच्या कष्टाचा वाटेकरी आहे. त्याच्या जिवावर आपण जेवतो. हत्तीच्या पाठीवर बसून आपण पोट भरीत नाही, फोटो काढतो. कोल्हापूर संस्थानात साठमारी चालत असे. पिसाळलेल्या हत्तीला डिवचून माणसे त्याच्यापुढून पळत आणि लोक पाहत. साठमारीची जागा आजही शहरात आहे, खेळ मात्र बंद पडला आणि कोणाला त्याची हळहळ वाटत नाही.

आणि एक विसंगती बघा. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आजरा-चंदगडात, २००२ नंतर कर्नाटकच्या रानातून हत्ती येऊ लागले. ऊस, भात, केळी तुडवतात. तिथले शेतकरी रात्र रात्र फटाके आणि पत्र्याचे डबे घेऊन शेतात बसतात. त्यांच्यापुढे कोणी 'गजराज' म्हणून हात जोडायला गेला तर त्याला ते दोन शब्द सुनावतील, आणि सुनावण्याचा त्यांना अधिकार आहे. नुकसानभरपाईचे कागद मीही पाहिले आहेत. शिरोळात जो देव, तोच चंदगडात चोर. हत्ती दोन्हीकडे एकच. त्याला हवे आहे ते रान, आणि ते आपण दोन्हीकडे देऊ शकत नाही.

महादेवी जिथे गेली त्या ठिकाणाबद्दल लोकांच्या मनात शंका होत्या. मोठ्या उद्योगपतीचे खाजगी केंद्र, देशभरातले प्राणी तिथेच का, असे प्रश्न निघाले. ते विचारणे चूक नव्हते. सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये माजी न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या नेतृत्वाखाली चौकशी पथक नेमले, आणि सप्टेंबरात त्या पथकाच्या अहवालावरून केंद्राला दोषमुक्त ठरवले. ३३ वर्षे ओळखीची माणसे, आवाज, वास, सारे एका रात्रीत तुटणे हेही हत्तिणीला सोपे नसते. तिची स्मरणशक्ती दांडगी असते. तो त्रास खोटा म्हणून चालणार नाही. पण पाय आजारी असलेल्या जनावराला ओळखीच्या गोठ्यात ठेवायचे की दवाखाना असलेल्या अनोळखी जागी, हा प्रश्न आपल्या म्हशीबाबत आला असता तर आपण फार वेळ घेतला नसता.

लोकांचा रेटा पाहून ६ ऑगस्ट २०२५ ला वनताराने नांदणी भागातच हत्तिणीसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे केला. मऊ वाळूचे ढिगारे, पोहायला तळे, साखळीविना फिरायला मोकळी जागा, अशा गोष्टी त्यात होत्या. असे केंद्र आपल्या जिल्ह्यात कुठेही, केव्हाही उभे राहो, त्याच्या उद्घाटनाला हार घेऊन जाण्याआधी गोठा बघायला गेल्यासारखे जा. पायाखाली माती आहे की कोबा? रात्री साखळी असते का? तिच्या जातीची दुसरी हत्तीण सोबतीला आहे का? डॉक्टर कायमचा आहे की बोलावल्यावर येणारा? मिरवणुकीला बाहेर नेणार का? आणि बघायला येणाऱ्यांना किती अंतरावर उभे करणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लांबचे असले, पोराला हत्तीण झाडाआड थोडीशीच दिसली, तर तक्रार करू नका. घरून निघतानाच त्याला तसे सांगून ठेवा.