तुटलेला दांडा

इतवारीत कुणी बोटीची चौकशी करीत नाही. सराफा ओळीत सोनं, किराणा ओळीत मिरची-हळद आणि लोहा ओळीत खिळ्यापासून गर्डरपर्यंत काय हवं ते लोखंड. पण बोट? झीरो माईलच्या या गावातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो कोस लांब. अशा ठिकाणी आमच्या खरादीच्या दुकानात बोटीचा दांडा यावा आणि तो नेमका माझ्या हातून बिघडावा, हा योग विलक्षणच म्हणायचा.

दुकान म्हणजे एका गल्लीतली अंधारी खोली. एक लेथ, एक शेपर, एक ड्रिल आणि बाबा. मी कला शाखेचा, मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी. सुटीत आणि रविवारी बाबांच्या हाताखाली असतो. कॉलेजात मात्र हे फारसं कुणाला ठाऊक नाही. नखांतलं काळं तेल घालवण्यासाठी मी वर्गात येण्यापूर्वी किती साबण उडवतो ते माझं मला माहीत.

गेल्या डिसेंबरात पवनीकडचे एक धीवर गृहस्थ आले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर त्यांची लाकडी बोट चालते. (१९८८ साली राजीव गांधींनी या धरणाची पायाभरणी केली, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.) वैनगंगेचं पाणी पसरलं आणि डोंग्यानं पार करायचा पल्ला लांबला, म्हणून त्यांनी जुनं डिझेल इंजिन घेऊन बोटीच्या पोटात बसवलं. इंजिनापासून एक दांडा निघतो, बुडातल्या नळीतून बाहेर पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा. तो दांडा त्यांना नवा हवा होता. स्टेनलेस स्टीलचा, चाळीस मिलिमीटर जाडीचा.

बाबांनी दांडा खरादला, पंख्याकडचा उतार दहास एक या मापानं काढला. इंजिनाकडच्या टोकाला कपलिंग बसतं. ते दांड्यावर फिरू नये म्हणून एक चौकोनी चावी मध्ये अडकवतात आणि तिच्यासाठी दांड्यात लांब खाच कापावी लागते. ती खाच त्यांनी माझ्यावर सोपवली आणि ते बाहेर गेले. जाताना म्हणाले, "टूलचे कोपरे दगडावर घासून घेजो."

शेपरचं टूल काटकोनी असतं. ऑइलस्टोनवर त्याचे कोपरे किंचित गोल केले की खाचेच्या तळाचे कोपरेही गोल उतरतात, आणि मग चावीच्या कडाही तेवढ्याच मारून घ्याव्या लागतात. अर्ध्या तासाचं काम. पण पाच वाजता स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम होती आणि मला तीन प्रवेश होते. मी दगड हातात घेतलाच नाही. खाच दिसायला इतकी सुरेख, काटकोनात उतरली होती, की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मी आल्यावर बाबांनी विचारलं, "घासलं ना?" मी म्हणालो, "हो."

नाटक छान झालं.

जुलैत तेच गृहस्थ पोत्यात गुंडाळलेला दांडा घेऊन परत आले. दोन तुकडे होते. भर पाण्यात, वारा सुटलेला असताना इंजिन एकदम मोकळं ओरडायला लागलं आणि बोट उभी राहिली. बोटीत नऊ जण, त्यांत त्यांची आठ वर्षांची मुलगी. दांडा मागे सरकला, पण पंखा सुकाणूला अडकून थांबला. तो पूर्ण निसटता तर त्या नळीतून पाणी आत आलं असतं. वल्ह्यांनी मारत मारत ते काठाला लागले. हे सगळं ते अगदी शांतपणे सांगत होते. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाबांनी तुटलेलं तोंड रॉकेलनं पुसलं, उजेडात धरलं. शिंपल्यावर असतात तशा बारीक गोलाकार रेघा त्यावर उमटल्या होत्या आणि त्या सगळ्या खाचेच्या एका कोपऱ्यापासून सुरू होत होत्या. तोंडाचा बराच भाग गुळगुळीत, शेवटची एक फाकच काय ती खरबरीत.

"हे पाय," बाबा म्हणाले, "इथून सुरुवात झाली. रोज जरा जरा करून. ही खरबरीत जागा त्या दिवशीची."

"मिस्त्रीभाऊ, लोखंडच खराब निघालं का?" त्यांनी विचारलं.

सुटायची वाट समोर उघडी होती. माल दुसऱ्याकडून आणलेला. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे नाही.

"माल बरोबर होता. काम चुकलं, आमचं. पैसे नाही लागत तुमचे."

मी तेव्हाही गप्पच राहिलो. रात्री जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, "मले खाच पाहूनच समजलं," आणि वरण मागितलं. एवढंच.

पुढे मी ग्रंथालयात या विषयावर वाचलं. ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर प्रयोग केले. एका झटक्याला दाद न देणारं पोलाद त्याहून कितीतरी हलका ताण लाखो वेळा आला तर तुटतं, हे त्यानं दाखवून दिलं. ताण साचतो तो धारदार कोपऱ्यात. मिनिटाला हजार फेरे धरले तर दांडा तासाला साठ हजार वेळा फिरतो. मी तालमीला पळालो त्या अर्ध्या तासाचा हिशेब असा चालू होता. तिथंच हेही वाचलं, की १८९२ च्या डिसेंबरात 'अम्ब्रिया' या मोठ्या आगबोटीचा दांडा भर अटलांटिकमध्ये तुटला आणि तिच्या इंजिनिअरनं तो समुद्रातच दुरुस्त करून बोट न्यूयॉर्कला नेली. तिथं निदान तोडणारा आणि जोडणारा वेगळे होते.

नव्या दांड्याची खाच मीच कापली. मी ऑइलस्टोन हातात घेतला तेव्हा बाबा चहा प्यायला निघून गेले. परत आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. खाचेत बोट मात्र फिरवून पाहिलं.

दांडा बसवायला आम्ही दोघं एस.टी.नं उमरेड, भिवापूर करीत पवनीला गेलो. बाबांना पोहता येत नाही आणि बोटीत ते जन्मात बसलेले नव्हते. बोट काठावर ओढून दांडा आत घातला. मालक म्हणाले, "आता इंजिन जोडून टाका." बाबांनी मान हलवली. आधी पानीत उतरवा, म्हणाले. लाकडी बोट जमिनीवर टेकलेली असते तेव्हा तिचा आकार वेगळा, तरंगते तेव्हा वेगळा. आधी कुणीतरी ती जमिनीवरच जुळवून दिली होती.

बोट रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी बाबा पोटात उतरले, कपलिंगचे बोल्ट ढिले केले आणि दोन्ही चकत्यांच्या मध्ये फीलर गेजची पाती सरकवू लागले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वर आणि खाली सहा दशांश मिलिमीटरचा फरक. म्हणजे दांडा फेऱ्यागणिक वाकत होता. मी चटकन म्हणालो, "म्हणजे चूक नुसती आपली नव्हती!"

बाबांनी वर पाहिलं. "वाकत होता म्हणून थकला. पण तुटला कुठून?"

मग मी पत्र्याच्या पट्ट्या कापून देत राहिलो आणि ते इंजिनाच्या पायांखाली सारत राहिले. दुपारी दोन वाजता फरक एक दशांशाच्या आत आला.

चाचणीला मालकांची मुलगी हट्टानं चढली. बाबा कडेची फळी घट्ट धरून डोळे मिटून बसले होते. दांडा जिथून बाहेर जातो त्या ग्लँडमधून पाण्याचे थेंब गळत होते. "गळून राहिलं ना!" मुलगी ओरडली. मी तिला सांगितलं, थोडं गळायलाच हवं, नाहीतर आतली पॅकिंग तापते. आम्ही दोघं थेंब मोजत पलीकडच्या काठापर्यंत गेलो.

पैसे बाबांनी घेतले नाहीत, तेव्हा मालकांनी कापडात गुंडाळून भलामोठा मासा दिला. वासावरून कंडक्टरनं पवनी ते उमरेड आमच्याशी भांडण केलं. बाबा झोपले होते. मासा माझ्या मांडीवर होता, आणि पिशवीत जुन्या दांड्याचा खाचेकडचा तुकडा. तो बाबांनी भंगारात घालू दिला नव्हता.