बातमी वेळेवर आली होती

लहानपणी मुंबईत आमची आजी एका 'जर्मन डागदरा'ची आठवण काढीत असे. हिटलरच्या जाचातून निसटून आलेल्या अशा लोकांसाठी मुंबईत १९३४ साली ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. पण या लोकांना वेळेवर निघायचे कसे सुचले, हे आम्ही आजीला कधी विचारले नाही.

ते न्यूयॉर्कला नर्सची नोकरी करताना कळले. आमच्या वॉर्डात म्यूनिकच्या एक वृद्ध ज्यू बाई होत्या. त्यांच्या उशाशी नेहमी 'आउफबाउ' असे. जर्मनीहून आलेल्या ज्यूंनी १९३४ साली न्यूयॉर्कला सुरू केलेले हे पत्र. बाई म्हणाल्या, "आमच्या घरी पूर्वी 'म्यूंशनर पोस्ट' येई."

म्यूनिकचे हे समाजवादी दैनिक हिटलर नवखा होता तेव्हापासून त्याच्या मागे लागले होते. नाझी त्याला 'विषाचा भटारखाना' म्हणत. डिसेंबर १९३१ मध्ये, हिटलर सत्तेवर येण्याच्या सुमारे वर्षभर आधी, त्याने नाझींचा गुप्त बेत छापला : ज्यूंचे हक्क काढून घ्यायचे, त्यांना दलदलीत वेठीला जुंपायचे. मार्च १९३३ मध्ये नाझी गुंडांनी कचेरीची मोडतोड केली आणि पत्र बंद पडले.

"वडील मोठ्याने वाचून दाखवीत," बाई म्हणाल्या. "आई म्हणे, पेपरवाले तिखटमीठ लावतात. मग पेपर घडी करून ठेवला जाई." त्या घरातून अमेरिकेला पोहोचल्या त्या एकट्याच.

हे ऐकून आम्हांला आमचीच एक रात्रपाळी आठवली. रोग्याची नाडी तासातासाला बिघडत होती. आम्ही तक्त्यावर नोंद केली, डॉक्टरांना फोन केला. "सकाळी पाहू," उत्तर आले. पुन्हा उठवायचा संकोच वाटला. सकाळी खाट रिकामी झाली. नोंद मात्र बिनचूक होती.

गेल्या वर्षी नातवाच्या शाळेत कुणीतरी बाकावर नाझी चिन्ह कोरले. मुलगा म्हणाला, "आई, पोरांचा चावटपणा आहे, सोडून दे." पण २०१८ साली पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या सकाळी अकरा जण मारले गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. आम्ही शाळेला फोन केला. "पाहतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. तिसऱ्या दिवशी बाक बदलला आणि मुख्याध्यापिकेने वर्गाला तासभर सगळे समजावून सांगितले.

मंडळी, पेपर वाचा, मुलांनाही वाचून दाखवा. आणि एका फोनने काम झाले नाही, तर संकोच न करता दुसरा करा.